युवा संसदेत अध्यक्ष व्हायचंय? खुर्चीत बसायच्या आधी हे वाचून घ्या

मागच्या दिवाळीनंतर, कापूस वेचणी ऐन जोरात असताना, आमच्या तालुक्याच्या कॉलेजात युवा संसद, म्हणजे पोरांनी खासदार-मंत्री होऊन करायची नमुना संसद, झाली. माझी पुतणी त्यात लोकसभा अध्यक्ष होती. विषय कापसाच्या हमीभावाचा, म्हणजे आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात प्रत्येक पोराच्या घरचा विषय, त्यामुळं पाठ केलेली भाषणं पाचव्या मिनिटालाच सुटली आणि खरं भांडण सुरू झालं. पोरगी उभी राहून "शांत बसा, शांत बसा" म्हणत राहिली, वीसेक वेळा तरी म्हणाली असेल, आणि शेवटी विरोधी पक्षाची सगळी पोरं उठून बाहेर गेली. स्क्रिप्टमध्ये सभात्याग नव्हताच, ते खरंच चिडून गेले होते. बाहेर पाण्याच्या टाकीजवळ एक पोरगा मला म्हणाला, "काका, आमचे हात वर होते पण ताईनं तिकडं पाह्यलंच नाही, सलग चार वेळा सत्तेवाल्यांनाच बोलू दिलं." आणि घरी येताना गाडीवर मागं बसून पोरगी म्हणते, "कोणी ऐकतच नव्हतं तं मी काय करू?"

दोघंही खरं बोलत होते. मी राज्यशास्त्रात एमए केलंय, आता गावात शेती आणि सेवा केंद्र आहे, तर त्यानंतरचे दोन महिने सांजच्याला आम्ही दोघं संसद टीव्हीवरची जुनी कामकाजं पाहत बसलो, लोकसभेची नियमावली हिंदीतून डाउनलोड करून प्रिंट काढली, आणि एकेक गोष्ट घरातच करून पाहिली. त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहितोय. ज्यांना पहिल्यांदाच अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलंय, शाळेत, कॉलेजात किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेत, त्यांच्यासाठी. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, बाकी सगळे नियम तिच्याच पोटात आहेत: समोरच्याला आपली पाळी येणार याची खात्री असली की तो बसतो, ती खात्री गेली की घंटी कितीही वाजवा.

पहिलं काम, कोणती खुर्ची आहे ते समजून घ्या

आपल्याकडं पंचायत समितीलाही सभापती, बाजार समितीलाही सभापती, त्यामुळं पोरं हमखास गोंधळतात. दिल्लीत लोकसभेला अध्यक्ष आणि राज्यसभेला सभापती. राज्यसभेचे सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती, ते राज्यसभेचे सदस्य नसतात, उपराष्ट्रपती झाले की ती खुर्ची आपोआप त्यांची. लोकसभेचं तसं नाही, तिथला अध्यक्ष खासदारांपैकीच एक असतो आणि खासदारच त्याला निवडतात, घटनेच्या कलम ९३ प्रमाणं. युवा संसद बहुतेक वेळा लोकसभेच्या धर्तीवर असते म्हणून मी पुढं सगळं लोकसभेचंच सांगतो.

नवी लोकसभा पहिल्यांदा भरते तेव्हा जुन्या अध्यक्षाचं पद संपलेलं असतं, म्हणून राष्ट्रपती एक हंगामी अध्यक्ष नेमतात, तो नव्या खासदारांना शपथ देतो आणि अध्यक्षाची निवड पार पाडतो. निवड झाली की पंतप्रधान आणि विरोधी पक्षाचा नेता, दोघं मिळून नव्या अध्यक्षाला खुर्चीपर्यंत घेऊन जातात. २६ जून २०२४ ला ओम बिर्ला आवाजी मतदानानं निवडून आले तेव्हा नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी दोघंही त्यांच्यासोबत चालत गेले. तुमच्या कार्यक्रमात वेळ कमी असला तरी हे अर्ध्या मिनिटाचं चालणं कापू नका. दोन्ही बाजूंनी हाताला धरून बसवलेली खुर्ची आहे ही, हे पाहणाऱ्यालाही दिसतं आणि बसणाऱ्यालाही आतून जाणवतं.

दुसरं, आपला गट बाहेर ठेवून या

हे बोलायला सोपं वाटतं पण गावात हेच सगळ्यात जड जातं, कारण समोरच्या बाकावर तुमची बहीण असते, मैत्रीण असते, शेजारचा पोरगा असतो. माझ्या पुतणीनं मुद्दाम काही केलं नव्हतं हो, पण सत्ताधारी बाकावर तिच्या वर्गातल्या पोरी होत्या आणि नजर आपोआप ओळखीच्या चेहऱ्याकडं जाते.

खऱ्या संसदेतही हे दुखणं जुनंच आहे. इंग्लंडात अध्यक्ष झाला की तो पक्ष सोडतो, आपल्याकडं तशी सक्ती नाही. तरी काहींनी स्वतःहून केलं. इंग्रजांच्या काळात १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले, तेव्हा आता आपण कोणत्याच पक्षाचे नाही असं त्यांनी खुर्चीत बसल्याबरोबर सांगितलं. (त्याच सभागृहात वऱ्हाडाकडून आपले वणीचे लोकनायक बापूजी अणे निवडून गेले होते, आमच्या भागातल्या पोरांना हे माहीत असायला पाहिजे.) १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसमधून बाहेर पडले. आणि २००८ मध्ये सोमनाथ चॅटर्जींचं तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यांच्या माकप पक्षानं सरकारचा पाठिंबा काढला, विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी खुर्ची सोडून या असं पक्षाचं म्हणणं होतं, ते उतरले नाहीत, २२ जुलैला कामकाज चालवलं आणि दुसऱ्या दिवशी पक्षानं काढून टाकलं. पक्षांतरबंदी कायद्यातसुद्धा अध्यक्षाला सूट ठेवलीय, निवड झाल्यावर त्यानं पक्ष सोडला तर तो अपात्र होत नाही. म्हणजे कायद्यानं दार उघडं ठेवलंय, जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मला विचाराल तर प्रत्येकानं जायलाच पाहिजे.

विदर्भातली माणसंही अशा खुर्च्यांवर बसलीत. नागपूरचे बॅरिस्टर शेषराव वानखेडे, ज्यांच्या नावाचं मुंबईत स्टेडियम आहे, ते १९७२ ते १९७७ महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई १९७८ ते १९८२ विधान परिषदेचे सभापती. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर मूळ कोकणातल्या मराठी घराण्यातले, नंतर शिवराज पाटील, मनोहर जोशी, सुमित्रा महाजन. मराठी माणसाला ही खुर्ची नवी नाही.

तिसरं, आदल्या दिवशी दोन्ही नेत्यांना एकत्र बसवा

हे कोणीच करत नाही आणि निम्मी भांडणं इथंच मिटतात. लोकसभेत कामकाज सल्लागार समिती असते, अध्यक्ष स्वतः तिचा प्रमुख, कोणत्या विषयाला किती तास द्यायचे ते तिथं ठरतं आणि मग पक्षांना त्यांच्या संख्येप्रमाणं वेळ वाटून जातो. तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसून हेच करा. तुमच्याकडचे पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता, दोघांना समोर बसवा, एकूण मिनिटं सांगा, कोणाला किती ते कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. दुसऱ्या दिवशी कोणी "आम्हाला वेळच भेटला नाही" म्हणालं तर तो कागद काढायचा, आवाज चढवायची गरजच पडत नाही.

त्याच बैठकीत कोरमचंही, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीचं, पाहून घ्या. लोकसभेला एकूण सदस्यांच्या एक दशांश लागतात, म्हणजे ५४३ पैकी ५५. आपल्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. कोरम नसला तर अध्यक्षानं घंटी वाजवून वाट पाहायची नाहीतर सभा तहकूब करायची. हजेरी घ्यायला एक हुशार जोडीदार पाहिजे, त्याला महासचिव करा. लोकसभेत महासचिव अध्यक्षाच्या खुर्चीच्या खालीच बसतात आणि अडलं की नियम काढून देतात, तुमचा महासचिवही असाच हाताच्या अंतरावर बसवा, स्टेजच्या त्या टोकाला नको.

टेबलावर काय ठेवायचं

घड्याळ, घंटी, कामकाजाची यादी, बाकांचा नकाशा आणि वही. मोबाईल नको, वेळ पाहायला म्हणून उचलला तरी समोरच्याला वाटतं हा मेसेज पाहतोय.

वहीचं नीट सांगतो कारण आमचं खरं काम या वहीनंच केलं. शंभर पानी साधी वही आडवी धरायची आणि मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडं सत्ताधारी, उजवीकडं विरोधी, जसे ते समोर बसतात तसेच (लोकसभेत मात्र सत्ताधारी अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसतात, त्यामुळं तुमच्या हॉलमध्ये कोण कुठं आहे ते पाहून रेघेच्या बाजू ठरवा). प्रत्येक नावासमोर बोलला की एक दांडी. हात वर केला पण बोलायला भेटलं नाही की एक टिंब. बस, एवढंच. आता पुढचा कोणाला बोलवायचा हे ठरवताना चेहऱ्याकडं पाहायचंच नाही, वहीत पाहायचं, जिथं टिंबं जास्त आणि दांड्या कमी तिथलं नाव घ्यायचं. पहिल्या सरावात पुतणीच्या वहीत वीस मिनिटांत डावीकडं नऊ दांड्या आणि उजवीकडं तीन, अन् तिला तोवर वाटत होतं आपण अगदी सारखं देतोय. वही पाहून ती गप्पच झाली. तिसऱ्या सरावाला सात-सहा आलं.

खुर्चीची भाषा

सदस्य एकमेकांशी थेट बोलत नाहीत, जे बोलायचं ते अध्यक्षांकडं पाहून. "तू खोटं बोलतो" नाही, "अध्यक्ष महोदया, माननीय मंत्र्यांनी दिलेली माहिती बरोबर नाही." पोरांना हे नाटकी वाटतं, मग मी त्यांना धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचं उदाहरण देतो. दोन भाऊ धुऱ्यावर समोरासमोर उभे राहून बोलले की पाच मिनिटांत कुऱ्हाडीची भाषा येते, पण तेच दोघं गावातल्या जाणत्या माणसाच्या ओसरीवर बसून त्याच्याकडं पाहून बोलले की शब्द आपोआप निवळतात, कारण तिसऱ्याला समजावून सांगायचं असतं. अध्यक्ष म्हणजे ती ओसरी.

दुसरी गोष्ट, अध्यक्ष उभा राहिला की बोलणाऱ्यानं थांबून खाली बसायचं, हा लोकसभेचा नियम ३६१. म्हणून उभं राहणं हे तुमच्या हातातलं सगळ्यात भारी हत्यार आहे आणि म्हणूनच ते फार क्वचित वापरायचं. आमच्या पोरीनं ते पहिल्या दहा मिनिटांतच संपवलं होतं, सतत उभीच होती, मग उभं राहण्याला काही अर्थच राहिला नाही.

वाक्यं छोटी ठेवा, ही पाठ करा: "माननीय सदस्य, आपला मुद्दा सभागृहासमोर आला, आता संपवा." "आपलं नाव माझ्याकडं आहे, यांच्यानंतर आपण." हे दुसरं वाक्य सोन्याचं आहे. हात वर करून तळमळत बसलेल्या पोराला एवढंच ऐकायचं असतं.

प्रश्नोत्तरं आणि शून्य प्रहर

लोकसभा ११ वाजता भरते. कोणी आजी-माजी सदस्य वारले असतील तर आधी शोकप्रस्ताव, सगळे उभे राहून मौन. मग प्रश्नोत्तराचा तास. तोंडी उत्तराच्या तारांकित प्रश्नांची दिवसाला २० ची यादी असते पण सगळे क्वचितच होतात. अध्यक्ष सदस्याचं नाव घेतो, सदस्य फक्त प्रश्नाचा नंबर सांगतो, मंत्री उत्तर पटलावर ठेवल्याचं सांगतो, आणि खरी मजा तिथून, पुरवणी प्रश्नांत. पुरवणी प्रश्न कोणाला द्यायचा हे अध्यक्षाच्या हातात असतं. पहिली संधी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला द्या, मग विरुद्ध बाजूच्या एकाला. मंत्र्यानं भलतंच उत्तर दिलं तर अध्यक्षानं मधे पडून मंत्र्याची वकिली करायची नाही आणि विचारणाऱ्याचीही नाही, "माननीय मंत्री, प्रश्न खरेदी केंद्र कधी सुरू होणार असा आहे" एवढं म्हणायचं आणि थांबायचं. तुम्ही विषयावर आपलं मत दिलं की तुम्ही एका बाजूचे झालात.

१२ वाजता शून्य प्रहर, तातडीचे विषय. इथं प्रत्येकी एक मिनिट ठेवा आणि घंटी सगळ्यांना सारख्याच सेकंदाला वाजवा, पंतप्रधानालासुद्धा.

गोंधळ झाला तर

आता मुख्य. गोंधळ होणारच, आणि तो होणं काही वाईट नाही, कापसाच्या भावावर पोरं चिडली नाही तर कशावर चिडणार. पण अध्यक्षाकडं पायऱ्या असतात आणि त्या एकेक करूनच चढायच्या, खालची सोडून वरची नाही.

आधी नाव घेऊन शांतपणे बसायला सांगा. "शांत बसा" असं सगळ्यांना मिळून म्हटलं की कोणीच बसत नाही, नाव घेतलं की तो एक माणूस बसतो आणि त्याला पाहून बाकीचे. त्यानं नाही झालं तर "परवानगीशिवाय बोललेलं रेकॉर्डवर जाणार नाही" असं सांगा. कोणी अपशब्द वापरला, कोणाची बदनामी केली, तर नियम ३८० प्रमाणं ते शब्द कामकाजातून काढून टाकता येतात, छापील कार्यवृत्तात त्या जागी फुल्या दिसतात. शब्द काढताना तो शब्द स्वतः परत उच्चारू नका, एवढी काळजी घ्या.

त्यापुढं नियम ३७३, वर्तन फारच बेशिस्त असलं तर अध्यक्ष त्या सदस्याला बाहेर जायला सांगू शकतो आणि मग त्या दिवसभर आत यायचं नाही. त्याच्या वर ३७४. अध्यक्षाला जुमानतच नाही, मुद्दाम कामकाज अडवतोय, तर त्याचं नाव जाहीर करायचं, आणि इथं नीट लक्ष द्या, निलंबन अध्यक्ष एकटा करत नाही, सभागृहात प्रस्ताव मांडला जातो आणि सभागृह ठरवतं, जास्तीत जास्त उरलेल्या अधिवेशनापुरतं. २००१ मध्ये ३७४अ आला, हौद्यात, म्हणजे अध्यक्षासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून घोषणाबाजी वगैरे केली आणि अध्यक्षानं नाव घेतलं की ५ बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, जे कमी असेल तेवढं, आपोआप निलंबन. सगळ्यात शेवटी ३७५, सभागृहच तहकूब.

तहकुबीला घाबरू नका, पण पळवाट म्हणूनही वापरू नका. युवा संसदेत दोन मिनिटांची तहकुबी पुरते. त्या दोन मिनिटांत दोन्ही नेत्यांना जवळ बोलवा, खुर्चीवरूनच, आणि विचारा की काय पाहिजे. दहापैकी आठ वेळा उत्तर एकच असतं: "आम्हाला बोलू द्या." मग वही दाखवा आणि पुढची पाळी कोणाची ते सांगा.

डिसेंबर २०२३ मध्ये एकाच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले. त्यावर कोणाची बाजू बरोबर हे ज्यानं त्यानं ठरवावं, माझं म्हणणं एवढंच की विरोधी बाकं रिकामी असताना पास झालेला कायदा लोकांच्या गळी उतरवणं कठीण जातं, म्हणून बाहेर काढायची पायरी शेवटपर्यंत राखून ठेवावी. तुमच्या हॉलमध्येही परीक्षक हेच पाहत असतात, किती जणांना गप्प केलं यापेक्षा किती जण परत बसले.

हरकतीचा मुद्दा कोणी काढला तर गडबडू नका. पोरं ऊठसूट "हरकतीचा मुद्दा" म्हणून उठतात आणि भाषण ठोकतात. नियम ३७६ सांगतो की मुद्दा नियमाचा किंवा घटनेचा पाहिजे आणि त्या घडीला चालू असलेल्या कामाबद्दलच पाहिजे. म्हणून एकच प्रश्न विचारा, "माननीय सदस्य, कोणता नियम मोडला?" नियम सांगता आला तर ऐका, महासचिवाला पान काढायला लावा आणि दोन वाक्यांत निर्णय द्या. नाही सांगता आला तर, "हा हरकतीचा मुद्दा होत नाही, बसा." निर्णयावर चर्चा नाही. चुकला असं नंतर वाटलं तर नंतर मोकळेपणानं सुधारा, पण त्या क्षणी डगमगू नका.

जड अधिकार, थोडक्यात

तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात. एखादं विधेयक धन विधेयक (फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलचं) आहे की नाही यावर लोकसभा अध्यक्षाचा निर्णय अंतिम, कलम ११०. पक्षांतराच्या तक्रारीवर आमदार-खासदार अपात्र ठरवायचे तेही दहाव्या परिशिष्टानं अध्यक्षाकडं दिलंय, १९८५ पासून, पण त्या निर्णयाची तपासणी कोर्ट करू शकतं हे १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात ठरलं. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली तर तिथंही लोकसभा अध्यक्षच बसतो, अशा बैठका आजवर तीनदाच झाल्या, १९६१, १९७८ आणि २००२. तिसऱ्या वेळी अध्यक्ष बालयोगी नुकतेच हेलिकॉप्टर अपघातात गेले होते म्हणून उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी काम चालवलं. उपाध्यक्ष का लागतो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, तरी १७ व्या लोकसभेत पूर्ण पाच वर्षं तो निवडलाच गेला नाही, हे मला आजही पटत नाही. युवा संसदेत उपाध्यक्ष आणि दोन तालिका अध्यक्ष (अध्यक्ष नसताना थोडा वेळ खुर्ची सांभाळणारे) जरूर ठेवा, तेवढ्याच अजून तीन पोरांना खुर्ची भेटते.

आणि हो, अध्यक्षालाही काढता येतं. १४ दिवसांची नोटीस आणि सभागृहातल्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत. तो ठराव चालू असताना अध्यक्षानं खुर्चीत बसायचं नाही, खाली सदस्य म्हणून बसून बोलायचं. मावळंकरांसारख्या माणसावरसुद्धा डिसेंबर १९५४ मध्ये असा ठराव आला होता, तो पडला, पण चर्चा झाली. तुमच्या निर्णयावर कोणी बोट ठेवलं तर हे आठवा.

मत घ्यायची पद्धत

इथं सगळे घाई करतात. प्रश्न आधी पूर्ण वाचा, कशावर मत घेतोय ते शेवटच्या बाकाला कळलं पाहिजे. मग, "जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." थांबा. "जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." परत थांबा, दोन्हीकडं सारखंच. मग "माझ्या मते होय वाल्यांचं बहुमत आहे." हे "माझ्या मते" सोडू नका, कारण समोरच्याला ते नाकारायचा हक्क आहे. कोणी मतविभागणी मागितली तर लोकसभेत घंटा वाजते, साडेतीन मिनिटं, म्हणजे लॉबीत, कँटीनमध्ये असलेले आत येतात, मग दारं बंद, प्रश्न परत एकदा विचारायचा आणि मोजणी. आपल्याकडं बटणं नाहीत तर उभं राहून मोजा, तशी मोजणीही नियमात आहेच.

अध्यक्ष पहिल्यांदा मत देत नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं, खुर्चीत बालयोगी होते. ते ज्या तेलुगू देसमचे होते तो पक्ष सरकारच्या बाजूचा होता, पण खुर्चीतल्या माणसाला मत नव्हतंच. मतं समसमान झाली तरच अध्यक्षाला निर्णायक मत, कलम १००. १९२८ मध्ये इंग्रज सरकारचं सार्वजनिक सुरक्षा विधेयक असंच समान मतांवर आलं आणि विठ्ठलभाईंनी निर्णायक मत विरोधात टाकून ते पाडलं. एवढा कडक कायदा पाहिजे असेल तर आधी सभागृहाचं बहुमत मिळवा, असा त्यांचा विचार होता. पुढच्या वर्षी तेच विधेयक परत आलं, विठ्ठलभाई त्यावर निर्णय द्यायला उठले त्याच दिवशी, ८ एप्रिल १९२९ ला, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी सभागृहात बॉम्ब टाकले. इतिहासाच्या पुस्तकात बॉम्ब सगळ्यांना माहीत असतो, खुर्चीत कोण होतं आणि काय ठरवत होतं हे कोणी सांगत नाही.

निर्णायक मताचा रिवाज असा की जे चालू आहे ते तसंच राहू द्यायचं, नाहीतर आणखी चर्चेला वाव ठेवायचा, नवा बदल स्वतःच्या एका मतावर लादायचा नाही. फेब्रुवारीत पुतणीनं आमच्या जिल्हा परिषद शाळेत बालसंसद घेतली, खुर्चीत सातवीतली पोरगी, प्रस्ताव होता की शनिवारचा खेळाचा तास काढून वाचनाचा करावा. शिपायानं व्हरांड्यातल्या लोखंडी घंटेवर टोल दिले, नळावर गेलेले दोघं ओल्या हातानं पळत आले, मोजणी झाली, चौदा-चौदा. सगळे तिच्याकडं पाहायला लागले. तिला स्वतःला वाचन आवडतं हे सगळ्या शाळेला माहीत आहे. तिनं वही पाहिली, मग म्हणाली, "माझं मत नाही च्या बाजूला. खेळाचा तास राहील. पुढच्या शनिवारी परत चर्चा घेऊ, ज्यांची टिंबं आहेत त्यांना आधी."

मतदान झालं की निकाल आकड्यांसकट वाचा, दोन्ही बाजूंचे आकडे. मग सगळ्यांचे आभार दोन वाक्यांत, "सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब" म्हणा, आणि लोकसभेत अधिवेशन संपताना वंदे मातरम् होतं तसं तुमच्याकडंही ठेवा. ते संपेपर्यंत खुर्चीसमोर सरळ उभं राहायचं, वही मिटायची ती त्यानंतर.